मोकळी ठेवलेली ओळ

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत चार लिप्या राहायच्या आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. हे मायचं बोलणं. पुढची खोली रस्त्याकडची, उजेडाची. ती बाबांनी बोर्डांना देऊन टाकली होती, आणि माय मागं धुरात भाकरी थापायची. भिंतींना टेकून रंगवलेले पत्रे वाळत असायचे. जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास घरातल्या प्रत्येक कपड्याला, अगदी मायच्या सणाच्या पातळालासुद्धा, लागलेला असायचा. पाहुणा आला की ओल्या बोर्डांमधून अंग चोरत आत यायचा. एखाद्याच्या पांढऱ्या पायजम्याला कुणाच्या दुकानाचा लाल रंग लागलाच, तर बाबा चिंधीनं पुसता पुसता म्हणायचे, "घ्या, तुमी तं त्याची चालती जाहिरात झाले." आणि आतून माय ओरडायची, "हासू नका, माणूस काय म्हनंल!"

आदिलाबादेत दुकान टाकायचं तर त्या काळी पाटीवर चार लिप्या लागत. तेलुगू सरकारची आणि बाजाराची. उर्दू जुन्या कचेरीची आणि निम्म्या गावाची. मराठी आमच्यासारख्यांची आणि पैनगंगेपलीकडून कापूस घेऊन येणाऱ्या गाडीवाल्यांची. इंग्रजी नुसती रुबाबाची; ती वाचणारे थोडे, पण ती नसली तर दुकान नवं वाटत नसे. या चौघींना एका पत्र्यावर नांदवायचं हा आमचा धंदा होता, आणि चौघींचे स्वभाव वेगळे. इंग्रजी अक्षर जमिनीवर पाय रोवून उभं राहतं. मराठी अक्षर वरच्या रेघेला लोंबकळतं. तेलुगू अक्षर गोटीसारखं गोल, डोक्यावर एक तिरपी खूण घेऊन जिथल्या तिथं बसून असतं. आणि उर्दू, म्हणजे मुनीर चाचा लिहीत ती नस्तालीक वळणाची उर्दू, उजवीकडे वरून निघते आणि डावीकडे उतरत येते, टेकडीवरून जनावरं पाण्यावर उतरतात तशी. उतरायला तिला उंची लागते. बाकीच्या तिघींना थोडं चेपता येतं. तिला चेपलं तर तिची मान मोडते. म्हणून बोर्ड कुणाचाही असो, त्याचा वरचा तिसरा हिस्सा उर्दूसाठी सोडायचा, असा आमच्या दुकानाचा कायदा होता.

मुनीर चाचा बाबांचे भागीदार, आणि त्याच्याही आधी उस्ताद. आमचे आजोबा जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबले. बाबांनीही पोरपणी तेच केलं, मग शहरात येऊन भिंतींना चुना मारायचं काम धरलं. एकदा बाबा एका भिंतीला चुना मारत पुढं चालले होते आणि चाचा त्याच भिंतीवर अक्षरं लिहीत मागून येत होते. चाचांच्या लक्षात आलं की हा माणूस एवढा मोठा कुंचला फिरवतो, तरी त्याची कड सुतात येते. "हाथ अच्छा है तुम्हारा. चूना कायकू मारते?" असं म्हणून त्यांनी आपला खारीच्या केसांचा ब्रश बाबांच्या हातात दिला. आमच्या वस्तीतल्या माणसाला तेव्हा बाजारात पाणीसुद्धा वरून ओंजळीत मिळायचं. हातातला ब्रश हातात देणं ही त्या दिवसांत लहान गोष्ट नव्हती, आणि बाबा ती आम्हांला विसरू देत नसत. विहारात कार्यक्रम असला की पहिल्या रांगेत चाचांची खुर्ची असायची.

कामाची रीत ठरलेली होती. आधी बाबांनी तेलुगू, मराठी, इंग्रजी लिहायचं. मोठा झाल्यावर ते माझ्याकडं आलं. वरचा हिस्सा खडूच्या दोन रेघांनी आखून मोकळा ठेवायचा. चाचा शेवटी लिहीत. ब्रश टेकवण्याआधी ते एक डोळा मिटून बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडं पाहत, मग एका दमात सगळी ओळ उतरवत, आणि अक्षरांखालचे-वरचे नुक्ते, म्हणजे टिंबं, अगदी शेवटी एकदम देत. पत्रा टपटप वाजायचा. तो आवाज ऐकला की माय मागं चहा ठेवायची, कारण बोर्ड पुरा झाला. मला आजही त्या घराची आठवण आली की आधी तो आवाज येतो. त्याच्यामागं हिवाळ्यात जिनिंगची घरघर, आणि रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असली तर बैलांच्या गळ्यातल्या घाट्या.

चाचांचं घर दोन गल्ल्या सोडून. शुक्रवारी चाचींकडून खट्ट्या दाळीचा डबा यायचा, आणि तो रिकामा परत करायचा नाही हा मायचा हट्ट. मग त्यात अंबाडीची भाजी, नाहीतर ज्वारीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा. चाची तोंडानं फटकळ. डबा घेऊन गेलो की दारातूनच चालू करायच्या, "ए आनंदा, तेरी माँ को बोल, मिरच्यां जरा कम कूटना. तेरे चाचा खाते भी जाते, रोते भी जाते!" चाचा ओसरीवर बसून हसत. त्यांची शाहीन तेव्हा नुकती रांगत होती आणि दिसेल तो ब्रश तोंडात घालत होती.

मी मॅट्रिकला नापास झालो तेव्हा मामानं मला काही महिने नागपूरला, तो काम करायचा त्या छापखान्यात नेलं. तिथं मी फारसं काम केलं नाही, पण पाहिलं खूप. साबणाची वेष्टनं, औषधांची लेबलं, कॅलेंडरं. दोन लेबलं शेजारी ठेवून मी विचार करायचो की डोळा याच्याकडं का जातो आणि त्याच्याकडं का जात नाही. उत्तर सापडलं तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांचा होतो आणि मला वाटलं, हे फक्त मलाच कळलंय. जे लेबल डोळा धरतं, त्यावर एकच गोष्ट मोठी असते आणि तिच्या भोवती जागा सोडलेली असते. बस्स. मी आदिलाबादला परत आलो तो आमच्या बोर्डांना नावं ठेवतच. "बाबा, आपला बोर्ड म्हंजे बसस्टँड आहे. जो येते तो घुसते."

"गिऱ्हाइकाले चारी पायजेत," बाबा म्हणाले.

"चारी असू द्या. पन चारी सारख्याच कावून? घरात चौघं एकदम बोलले तं काही ऐकू येते का?"

चाचा ब्रश धूत बसले होते. म्हणाले, "तेरे घर में तेरी माँ अकेली बोलती, इसलिए तेरे कू सुनाई देता." सगळे हसले. मीही हसलो, पण माझं म्हणणं मी सोडलं नाही.

माझं म्हणणं बरोबर होतं. ते मी आजही सोडलेलं नाही. माझी नात रश्मी हैदराबादेत शिकली आणि आता इथं घरी बसून लोकांच्या वेबसाइटी करते. ती मला लॅपटॉपवर वाचून दाखवते: रेघ, आकार, रंग, पोत, मोकळी जागा, हे सगळं डिझाइनचं मूळ, समतोल पाहिजे, विरोध पाहिजे, कडा एका रांगेत पाहिजेत, आणि पाहणाऱ्याला न सांगता कळलं पाहिजे की आधी काय पाहायचं आणि मग काय. मी म्हणतो, वाच, वाच, बरं वाटतं. आम्ही गेरूत बुडवलेली दोरी ताणून पत्र्यावर फटकन सोडायचो, ती कडांची रांग. निळ्यावर पिवळं लिहायचो, तो विरोध. तिच्या एका गिऱ्हाइकाच्या पहिल्या पानावर पाच गोष्टी हलत होत्या. मी विचारलं, "बाजारात पाच जण एकदम हाका मारतात तेव्हा तू कुणाकडं जातेस?" ती म्हणाली, "कुणाकडंच नाही, आबा." मी म्हटलं, मग चार काढ. तिनं काढल्या आणि गिऱ्हाईक खूश झालं. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं लिहायची तिची सवयही मी मोडली आहे. माझ्या वयाच्या माणसानं ती वाचायची कशी? फोनचा पडदा म्हणजे उभा बोर्ड, हातभरसुद्धा रुंद नसलेला. तिथं तर जागा राखायला जास्तच अक्कल लागते. या बाबतीत मला कुणी शिकवू नये.

पण जागा राखणं आणि जागा घेणं यांतला फरक मी ज्या दिवशी मोडला, त्या दिवसाबद्दल घरात कुणाला काहीच माहीत नव्हतं. ते सांगायलाच हे प्रकरण लिहायला बसलो.

बसस्टँडच्या रस्त्यावर, देवळाजवळ, राजन्ना नावाचा नवा व्यापारी कापडाचं दुकान उघडत होता. बोर्ड मोठा होता, आणि बाबा नेरडीगोंड्याला शाळेची भिंत रंगवायला गेले असल्यामुळं तो पूर्ण माझ्याकडं आला. चाचांना त्याच दिवसांत गुडीहत्नूरला, चाचींच्या बहिणीकडं लग्नाला जायचं होतं. जाताना म्हणाले, "जगा छोड के रख बेटा. मैं आके लिख देता." मी बोर्डाला गर्द निळा हात दिला, वरचा हिस्सा खडूनं आखून सोडला, मधोमध पिवळ्या रंगात तेलुगू नाव मोठं लिहिलं, आणि खाली एका रांगेत मराठी आणि इंग्रजी लहान, पांढऱ्यात. वाळायला म्हणून तो उचलून समोरच्या कडुनिंबाला टेकवला आणि रस्ता ओलांडून मागं वळून पाहिलं.

नाव हाक मारल्यासारखं पुढं आलं होतं. वरच्या निळ्या रिकाम्या पट्ट्यामुळं ते मोठं दिसत होतं, होतं त्याहून दुप्पट. नागपूरच्या लेबलात मी जे पाहिलं होतं ते इथं, आमच्या रस्त्यावर, माझ्या हातून झालं होतं. फक्त खडूच्या दोन रेघा मध्ये येत होत्या. मी परत गेलो आणि कोरड्या फडक्यानं त्या पुसल्या. एवढंच केलं असतं तर ती एका पोराची हौस होती. चाचा आले असते, त्यांनी परत रेघा मारल्या असत्या, मी थोडा रुसलो असतो.

पण राजन्ना आला. भटजींनी मुहूर्त अलीकडं आणला होता, त्याला बोर्ड दुसऱ्या दिवशीच चढवायचा होता. कमरेवर हात ठेवून तो कडुनिंबासमोर उभा राहिला. तेलुगूत सुरू करून हिंदीत यायची त्याची सवय होती.

"एमिरा आनंदा, ये ऊपर सब खाली?"

"ऐसाच है शेठ. नागपूर में ऐसाच चलता."

तो चार पावलं मागं गेला, परत पुढं आला. "दिखरा तो अच्छा. दूर से पकडता आदमी को. पर उर्दू? मेरा आधा गिऱ्हाईक उधर का है. चाचा आके लिखेगा ना, सीडी लगा के?"

असं आम्ही नेहमी करायचो. चढवलेल्या बोर्डावर चाचा शिडीवरून लिहीत. मला फक्त "हौ" म्हणायचं होतं. पण "हौ" म्हटलं की तो निळा पट्टा गेला, माझा बोर्ड गेला, उरला तो आणखी एक बसस्टँड. मी म्हणालो, "चाचा ने मना किया."

"मना किया? मेरे दुकान कू? कायकू?"

मी खांदे उडवले.

शब्दांपेक्षा ते खांदे उडवणं वाईट होतं. मोकळ्या जागेचं हेच आहे की पाहणारा ती आपल्या मनानं भरतो. राजन्नानं भरली. आपल्याला कमी लेखलं, असं त्यानं धरलं आणि बाजारात तसंच बोलला. ऐकणाऱ्यांनी आपापलं भरलं. कुणी म्हणालं म्हाताऱ्याला मस्ती आली, कुणी म्हणालं देवळाजवळच्या दुकानाला तो लिहीत नाही. चाचांनी त्याआधी देवळाच्या धर्मशाळेची पाटी लिहिलेली होती, पण ते कुणाला आठवलं नाही. दोन दिवसांत ते गावभर झालं.

बाबा नेरडीगोंड्याहून आले ते हे ऐकतच. चाचा गुडीहत्नूरहून आले, त्यांना बसच्या खिडकीतून बोर्ड दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नेहमीप्रमाणं पुढच्या खोलीत बसले. मायनं चहा दिला. मी पत्रा घासत होतो, हातभर अंतरावर.

बशीत चहा ओतत बाबा म्हणाले, "मुनीरसाब, मले काही सांगाचं हाये का?"

चाचांनी कप खाली ठेवला. "मेरे कू क्या बोलना है? तुम बोलो ना."

"मी काय बोलू? मी तं गावात नव्हतो."

"हौ, तुम नै थे." चाचा माझ्याकडं न पाहता म्हणाले, "बोर्ड तो तुम्हारे दुकान काच है."

"तुमचं नाई का मंग दुकान?"

"वोइच तो पूछरा मैं."

बाबांना वाटत होतं की यांनी आपल्याला न विचारता गिऱ्हाईक परत पाठवलं आणि वर अकड दाखवतात. चाचांना वाटत होतं की यांनी आपली ओळ काढली आणि तोंडानं सांगायची लाज वाटते. दोघांनाही समोरच्यानं आधी बोलावं असं वाटत होतं, कारण चूक समोरच्याची होती. खरं मला माहीत होतं, आणि ते एका वाक्याचं होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर आलेलं मला आठवतं. मग मी घासायचा कागद ओला करायला पाणी आणतो म्हणून उठलो, मागच्या खोलीत गेलो आणि रांजणाजवळ उगाच उभा राहिलो. माय म्हणाली, "काय करून राह्यला तिथं?" मी म्हणालो, काही नाही. परत आलो तेव्हा चाचा गेले होते. कपात अर्धा चहा तसाच होता.

त्यांनी भांडण केलं नाही. काही दिवस येत राहिले. पण राजन्नाच्या बोर्डासारखा बोर्ड शेजारच्या दुकानदाराला हवा होता, मग त्याच्या शेजारच्याला. सगळ्यांना तो वरचा निळा पट्टा हवा होता. कुणी उर्दूचं विचारलंच तर दुसरा म्हणायचा, चाचा आजकल मना करता. माझ्या खोट्याची आणि माझ्या कसबाची जोडी अशी जुळली की एकाला दुसऱ्याचा आधार मिळत गेला. बाजारात लोक बाबांना म्हणत, तुमच्या पोरानं आदिलाबादची शकल बदलली. बाबांना अभिमान वाटायचा, मलाही. शुक्रवारचा डबा एकदा आला नाही, मग येईनासाच झाला. मायनं एकदा भाजी देऊन मला पाठवलं, तर चाची दारातच म्हणाल्या, "काम छोड के घर बैठे तेरे चाचा, अब किस मुँह से लेऊँ? ले जा." आतून चाचांचा आवाज आला, "लेलो, बच्चे को कायकू बोलते?" चाचींनी डबा घेतला नाही.

पुढं चाचांनी लग्नाच्या पत्रिका लिहिल्या, कबरींचे दगड लिहिले. शाहीनचं लग्न कोळशाच्या खाणीत नोकरीला असलेल्या मुलाशी झालं तेव्हा घर विकून ते बेल्लमपल्लीला गेले आणि तिथंच वारले. बाबांना ते फार उशिरा कळलं. त्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं नाही. संध्याकाळी मला एवढंच म्हणाले, "मुनीरसाबनं मले सांगाले पायजे होतं." तेव्हाही सांगता आलं असतं. मी ऐकत बसलो. बाबा गेले तेही तेवढंच धरून गेले.

मी वाईट माणूस नाही. माझ्या हाताखाली जे शिकले, त्यांना मी कधी लांब ठेवलं नाही. कुणाचं काम तोडलं नाही. दुकान आता मुलगा चालवतो, फ्लेक्स छापतो, त्यात ब्रशाचं काही उरलं नाही. एवढ्या वर्षांत ते वाक्य कधी बोलावंसं वाटलं नाही असं नाही. पण ज्यांच्याशी बोलायचं ते राहिले नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मग या हिवाळ्यात रश्मीनं दुकानाची वेबसाइट केली. 'आमच्याविषयी' म्हणून पान होतं. त्यात तिनं तिच्या बापाकडून ऐकलेलं लिहिलं: दुकान दोघांनी सुरू केलं, पुढं मुनीर चाचांनी स्वेच्छेनं काम सोडलं, आणि आनंदरावांनी मोकळ्या जागेचा वापर करून जिल्ह्यात बोर्डांची नवी शैली आणली. तिनं ते मला कौतुकानं वाचून दाखवलं. जेवायला बसलो होतो.

मी म्हणालो, "स्वेच्छेनं हा शब्द काढ."

"मग काय लिहू?"

मी तिला सगळं सांगितलं. माझा मुलगा, सून, सगळे होते. मुलगा म्हणाला, "बाबा, एवढ्या जुन्या गोष्टीले आता कोन विचारते?" मी म्हणालो, मी विचारतो. रश्मी उठली. हात धुऊन आली आणि मी सांगेन तसं टाइप करत गेली. मग दाखवलं तर ते पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत. मी म्हणालो, "हे वर पाहिजे. आधी हे दिसलं पाहिजे, मग शैली." तिनं वर नेलं, अक्षर मोठं केलं. आणि मग विचारलं, "आबा, पण त्यांच्या घरच्यांना विचारलं का? नाव टाकायचं तर त्यांचीही हरकत नको."

हे मला सुचलं नव्हतं. माझं मी लिहिलं की हिशोब पुरा, असंच मी धरून बसलो होतो.

शाहीनचा पत्ता शोधायला अवघड गेलं नाही. आसिफाबादवरून बस बदलून आम्ही दोघं बेल्लमपल्लीला गेलो. खाणीच्या क्वार्टरांच्या रांगा, प्रत्येकापुढं थोडी जागा, तारेवर कपडे, कुठं कोथिंबिरीचा वाफा. शाहीन आता साठीची, चष्मा लावलेली, मुनीर चाचांसारखं एक डोळा बारीक करून पाहणारी. मी कोण हे सांगितल्यावर तिनं बसवलं, चहा दिला. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून ते पान दाखवण्याऐवजी मी हिंदीतच सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "अंकल, वेबसाइट पे डालो. अच्छा है. पर अम्मी को पढना नै आता."

"चाची?" मी विचारलं. मला वाटलं होतं त्या केव्हाच गेल्या असतील.

"पीछे बैठी है, धूप में. अब्बा की बात निकली तो आज भी वोइच बोलती. जिद्दी आदमी था, लगी-लगाई रोजी को लात मारा."

"और चाचा? उन्हों ने कुछ..."

"अब्बा बोलते थे, मैं मना नै किया. मरते तक बोलते थे. अम्मी मानतीच नै थी. सारा बाजार बोलरा, सब झूठे और तुम अकेले सच्चे, बोलती थी." तिनं माझा रिकामा कप उचलला. "मेरे कू बोलके क्या फायदा? अम्मी को बोलो. कान गये उनके, जोर से बोलना पडेगा."

मागच्या अंगणात चाची खाटेवर बसल्या होत्या, लहानशा झालेल्या, ओढणी डोक्यावरून घट्ट. शाहीननं त्यांच्या कानाशी ओरडून माझं नाव सांगितलं. "आनंदा?" त्यांनी माझ्याकडं वर पाहिलं. "पेंटर का आनंदा? बुड्ढा हो गया रे तू! दांत किधर गये?" रश्मीला हसू आलं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि ते वाक्य म्हणालो.

"क्या?"

परत म्हणालो.

"कुछ नै सुनाई देरा. मुँह में क्या है तेरे?"

मग मी ओरडलो. चाचा ने मना नै किया था. राजन्ना को मैं झूठ बोला था. उन्हों ने कभी किसी को मना नै किया. शेजारच्या क्वार्टरात भांडी घासायचा आवाज थांबला.

चाचींनी खाटेला टेकवलेली काठी हाताशी ओढली. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर सोपं झालं असतं. त्या शाहीनकडं वळल्या आणि अगदी हळू, स्वतःलाही ऐकू जाणार नाही इतकं हळू म्हणाल्या, "सच बोलते थे वो." मग काठी घेऊन उठल्या. शाहीन धरायला गेली तर तिचा हात झटकला. घरातून चालत पुढच्या दारापर्यंत गेल्या, दार पूर्ण उघडलं आणि मला काठीनं खुणावलं.

"इधर खडा हो. इस गल्ली में एक घर नै छोडा मैं. सब को सुनाई, मेरा आदमी ऐसा था बोलके. अब तू सुना."

समोरच्या दारात एक बाई उभी होती, तिच्या मागं तिची सून. पलीकडच्या कट्ट्यावर पत्ते खेळणारे चार म्हातारे इकडं पाहायला लागले. कुणीतरी तेलुगूत विचारलं, काय झालं? रश्मीनं माझी बाही धरली, मी ती हळूच सोडवली.

"जोर से," चाची मागून म्हणाल्या. "शुरू से बोल. पूरा."

मी उंबऱ्यावर उभा राहिलो आणि राजन्नाच्या दुकानापासून सुरुवात केली.